मंत्रिमहोदय, सहाव्या दिवशी आम्ही कुलपासमोर उभे होतो

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी २६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनाला, आपण आमच्या जिल्ह्यात आला होतात. माझ्या वर्गातली मुलं दोन तास रांगेत ताटकळत होती, मीच त्यांना उभं केलं होतं. त्यांनी आपल्यामागून शपथ म्हटली. मग आपण जाहीर केलंत की सिव्हिलमध्ये व्यसनमुक्तीचा वेगळा कक्ष तीन महिन्यांत सुरू होईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. माझा स्वतःचा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि रोज गांजा ओढत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या सोमवारी त्याला घेऊन मी तो कक्ष शोधत गेले. पाटी आहे. दाराला कुलूप आहे. शिपाई म्हणाला, "मॅडम, समुपदेशकाची जागा भरलेलीच नाही. मानसोपचारवाले डॉक्टर गुरुवारी येतात, आले तर."

त्या कुलपापर्यंत यायला आम्हाला काय लागलं, ते ऐका. किराण्याच्या यादीची बेरीज तोंडी करणारा हा मुलगा. आता दुकानात पाठवला तर अर्ध्या वाटेवरून फोन करतो, "आई, काय आणायचं होतं?" वाक्य सुरू करतो आणि मधेच थांबतो. दोन विषय राहिले, मग चार, मग कॉलेजच सुटलं. चिडचिड मी सोसली. पण त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं, ते सोसवत नाही. ज्या आजीच्या कुशीत तो दहावीपर्यंत झोपला, ती गेली तेव्हा तिरडीजवळ कोऱ्या चेहऱ्यानं उभा होता. दिवाळीनंतर तर जिन्यातली माणसं आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणून त्यानं खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली.

"झाडपालाच तो, शंकराचा प्रसाद," असं सांगणारे नातेवाईक मला पुष्कळ भेटले. मी बाई शिकवणारी, म्हणून वाचत बसले, डॉक्टरांना विचारत राहिले. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूच्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या आठवण, लक्ष आणि भावना सांभाळणाऱ्या भागांत दाटीनं असतात. त्या जागांसाठी शरीर स्वतःचा एक पदार्थ बनवतं. तो १९९२ मध्ये सापडला आणि संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. रोजच्या माऱ्यानं मेंदू या जागा कमी करत जातो. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, माझा मुलगा एकवीसचा आहे. रोज ओढणाऱ्यांत भ्रमाचा गंभीर आजार न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला, असं युरोपातल्या मोठ्या पाहणीत २०१९ मध्ये आलं. पण त्याच डॉक्टरांनी मला हेही सांगितलं की महिनाभर पूर्ण थांबलं, तर त्या जागा बऱ्याच भरून येतात. महिनाभर! मी त्या एका महिन्यासाठी धडपडत होते, साहेब.

तो स्वतःहून थांबला. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी झोप गेली, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या रात्री अंथरूण घामानं भिजलं. चौथ्या दिवशी ताट भिंतीवर आलं आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आजीसाठी रडला, इतक्या महिन्यांनी. हा पहिला आठवडाच सर्वांत अवघड असतो. सहाव्या दिवशी म्हणाला, "आई, चल दवाखान्यात." आणि तिथं तुमचं कुलूप होतं. परतताना बसस्टँडवर तो उतरला, रात्री उशिरा आला, डोळे लाल होते.

हे कुलूप कुणाचं? २०१९ च्या केंद्र सरकारच्याच अहवालात देशात ३ कोटी १० लाख लोक भांग-गांजा घेतात आणि ७२ लाखांना मदतीची गरज आहे, असं छापलंय. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातलं ६४-अ कलम म्हणतं, थोडा माल सापडलेला किंवा सेवन करताना धरलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा नशेतून आलेले मनाचे विकार आजारच मानतो आणि सरकारी उपचाराचा हक्क देतो. संसदेनं दार उघडलं, तुम्ही ते लावून घेतलंत. राज्यात इंग्रजांच्या काळापासूनची मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पुण्यात अवचट दांपत्यानं १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. दोन माणसांना जे जमलं, ते अख्ख्या सरकारला आमच्या जिल्ह्यात का जमू नये? पोलीस पोत्यांसोबत फोटो काढतात आणि शाळेमागच्या पडक्या भिंतीशी पुडी मिळते, हे माझ्या सातवीच्या पोरांना पाठ आहे. शपथेला मंडप मिळतो, समुपदेशकाला पगार मिळत नाही. खासगी केंद्रवाल्यानं महिन्याला अठरा हजार सांगितले. मुलं पैसेवाल्यांचीच वाचवायची, असं ठरलं असेल तर तेही मंडपातून जाहीर करा.

मला अनुदान नको, सत्कार नको. एक समुपदेशक, रोज बसणारा एक डॉक्टर आणि महिनाभर पडून राहायला एक खाट हवी.

तो पुन्हा तयार झालाय, अर्धामुर्धा. येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी त्याला घेऊन त्या दारासमोर असेन. किल्ली कुणाकडे आहे, ते शिपायाला सांगून ठेवा.

एक आई,
प्राथमिक शिक्षिका