‘छत्री उघडली नाही तर?’ एवढंच विचारून भागत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली, पहाटे गारवा पडू लागला की विमानातून उडी मारण्याच्या जाहिराती मोबाइलवर सुरू होतात. संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची कॉलेजातली मुलं-मुली त्या पाहून हरखतात आणि घरात पहिला प्रश्न येतो तो ठरलेला: ‘अरे, छत्री उघडलीच नाही तर?’ पॅराशूट प्रशिक्षणाशी जवळचा संबंध असलेल्या आम्हा काही वाचकांना वाटतं, की या प्रश्नात काळजी आहे, पण तो अपुरा आहे. स्कायडायव्हिंगमधल्या गंभीर अपघातांचा मोठा वाटा नीट उघडलेल्या छत्रीखाली, शेवटच्या काही शे फुटांत घडतो. तेव्हा ‘उतरायला कोण शिकवणार, कुठे आणि किती वाऱ्यात?’ हेही घरच्यांनी तितक्याच जोरात विचारायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू. समुद्रकिनाऱ्यावर जीप किंवा बोटीच्या दोराला बांधून वर नेतात, ते पॅरासेलिंग. डोंगरउतारावरून उघडलेला पंख घेऊन धावत सुटतात, ते पॅराग्लायडिंग. स्कायडायव्हिंग म्हणजे पाठीवर मिटलेली छत्री घेऊन विमानातून उडी. बातम्यांत या तिन्हींची नावं आणि छायाचित्रं सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात. त्यामुळे मुलं पॅरासेलिंग करून येतात आणि आपण उडी मारलीय असं समजतात. आपल्या दैनिकाने तरी हा भेद पाळावा, अशी विनंती.

खुद्द उडीतही दोन निराळ्या गोष्टी आहेत. टँडममध्ये प्रशिक्षकाच्या छातीशी चार ठिकाणी जोडलं जातं आणि 10 ते 13 हजार फुटांवरून दोघं एकाच छत्रीने खाली येतात. पाय पुढे उचलून धरणं आणि सूचना ऐकणं एवढंच आपलं काम. अनुभव म्हणून ते छान आहे, पण टँडम म्हणजे शिकणं नव्हे. ‘बेसिक कोर्स’ म्हणून पैसे घ्यायचे आणि प्रत्यक्षात एक टँडम करवून प्रमाणपत्र हातात ठेवायचं, असेही प्रकार होतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहोत.

शिकण्याचे रस्ते मुख्यतः दोन. स्टॅटिक लाइनमध्ये छत्रीचा पट्टा विमानाला जोडलेला असतो. उडी मारली की छत्री आपोआप खेचली जाते आणि मुक्त पतन जवळजवळ नसतंच. एनसीसीचे निवडक कॅडेट आग्र्याला हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जे शिकतात, ते याच पद्धतीचं. ज्यांचं कॉलेज एनसीसी चालवतं त्यांनी हा मार्ग आधी चाचपून पाहावा. दुसरा रस्ता एएफएफ, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्री फॉल. यात सहा ते आठ तासांच्या जमिनीवरच्या वर्गानंतर पहिलीच उडी 10 ते 13 हजार फुटांवरून होते. शिकाऊच्या पाठीवर त्याची स्वतःची छत्री असते आणि दोन बाजूंना दोन प्रशिक्षक त्याच्या अंगावरचे पट्टे (हार्नेस) धरून असतात. नेहमीच्या पद्धतीत सात पायऱ्या: पहिल्या तीनमध्ये दोन प्रशिक्षक, पुढे एकच. अमेरिकी स्कायडायव्हिंग संघटनेचा ‘ए’ परवाना या धरून किमान 25 उड्या झाल्यावर मिळतो. वयाची अट बहुतेक ठिकाणी 18 पूर्ण.

13 हजार फुटांवरून उडी घेतली तर पहिले हजार फूट जायला साधारण 10 सेकंद लागतात. मग वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरवर स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत सरतात. शिकाऊने 5500 फुटांच्या आसपास छत्री उघडायची असते. म्हणजे हातात पाऊण मिनिट. तेवढ्यात कंबर पुढे, हनुवटी वर, गुडघे किंचित वाकलेले अशी कमान टिकवायची, क्षितिज पाहायचं, मनगटावरचं उंची दाखवणारं अल्टिमीटर वाचायचं, उजवा हात मागे नेऊन छत्रीची मूठ नुसती चाचपून परत आणायचा, असं तीनदा. 6000 फुटांवर बाकी सगळं बंद. हात डोक्यावर हलवून खूण करायची आणि मूठ उपसून फेकायची. इथे पुष्कळांची चूक एकच होते: मूठ शोधायला मान खाली घालतात, त्याने कमान मोडते आणि शरीर गरगरू लागतं. मूठ बोटांनी ओळखायची असते, डोळ्यांनी नाही. म्हणून ती हालचाल जमिनीवर पोटावर झोपून शंभरदा करून घेणारा प्रशिक्षक चांगला. कमान आधीच घोटायची असेल तर हैदराबादेत उभ्या हवेच्या झोताचा बोगदा आहे. नांदेड-लातूरकरांना तो काही फार लांब नाही.

आता घरच्यांच्या त्या प्रश्नाकडे येतो. पाठीवर छत्र्या दोन असतात, मेन आणि रिझर्व्ह. मेन आपण किंवा पॅकर घडी करतो. रिझर्व्ह मात्र परवानाधारक रिगरच, म्हणजे छत्र्यांचा प्रशिक्षित कारागीरच घडी करतो आणि ठरावीक मुदतीत ती उघडून पुन्हा भरावी लागते. अमेरिकेत ही मुदत 180 दिवसांची आहे. मूठ फेकल्यावर ‘हजार एक, हजार दोन’ असं पाचपर्यंत मोजायचं आणि वर बघायचं. तीन गोष्टी तपासायच्या: छत्री आयताकृती भरली का, दोऱ्यांवरून उतरणारा कापडी स्लायडर खाली आला का, आणि टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या दोन बाजूंच्या मुठी, ओढून ती वळते-थांबते का. तिन्हींना ‘हो’ असेल तर छत्री चांगली.

सगळ्यात जास्त भेटणारी अडचण म्हणजे दोऱ्यांना पडलेला पीळ. वर छत्री नीट फुगलेली, पण मानेमागे दोऱ्यांची वेणी झालेली आणि हनुवटी छातीला टेकलेली. अशा वेळी टॉगलला हात लावायचा नाही. डोक्यामागचे दोन्ही रायझर, म्हणजे दोऱ्या जोडलेले पट्टे, पकडून बाहेरच्या बाजूला ताणायचे आणि झोका घेताना मारतात तसे पाय मारत उलट दिशेला फिरायचं. छत्री सरळ जात असेल तर पीळ सुटत जातो. पण ती एका बाजूला कलून फिरू लागली असेल तर उंची भराभर जाते, तिथे सोडवत बसण्यात अर्थ नाही.

म्हणूनच 2500 फूट ही निर्णयाची रेषा. तोवर छत्री ताब्यात नसेल तर मेन तोडायचीच, म्हणजे अंगापासून सोडून द्यायची. छातीवर उजवीकडे कटअवेची, म्हणजे मेन तोडायची मूठ, डावीकडे रिझर्व्हची. आधी बघायचं, उजवी पकडायची, डावी पकडायची, कमान करायची, उजवी पूर्ण ओढायची आणि लगेच डावी पूर्ण ओढायची. क्रम उलटला तर उघडणारी रिझर्व्ह अडकलेल्या मेनमध्ये गुंतू शकते. 1000 फुटांखाली मात्र मेन तोडायची नाही, नुसती रिझर्व्ह ओढायची. हात गोठलेच तर एएडी नावाचं छोटं यंत्र आहे. शिकाऊंसाठीचं यंत्र साधारण 750 ते 1000 फुटांवर खाली येण्याचा वेग मोजून रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरीचा लूप कापतं. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे 200 मीटर, म्हणजे साडेसहाशे फूट. यंत्र जागं होतं ते त्याच्या माथ्याहून थोडंसंच वर, हे लक्षात ठेवलं तर त्याच्या भरवशावर कोणी राहणार नाही. शिवाय ते उतरण्याच्या मैदानावरच सुरू करावं लागतं, कारण ते तिथल्या जमिनीला शून्य मानतं. अल्टिमीटरचंही तसंच. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून जवळपास 1900 फुटांवर आहे. शून्य चुकीच्या जागी लावला तर 5500 चा आकडा खोटा ठरेल.

छत्री बिघडते ती बहुतेकदा घडीत. मुठीसोबत फेकली जाणारी आणि मेनला बाहेर खेचणारी छोटी छत्री म्हणजे पायलट शूट. मेन उघडल्यावर मिटून जाणारा पायलट शूट प्रत्येक घडीच्या वेळी पुन्हा ‘कॉक’ करावा, म्हणजे आतला दोर ओढून फुगण्याजोगा करावा लागतो. पट्टीवरच्या खिडकीत रंगीत दोर दिसला की तो झाला असं समजायचं. हे विसरलं तर तो हवेत फुगत नाही, मागे नुसता लोंबत राहतो आणि मेन पिशवीतून बाहेरच येत नाही. स्लायडर पूर्ण वर सारलेला नसेल तर छत्री एकदम फाटकन उघडते आणि खांद्या-मानेला झटका बसतो. दोऱ्या बांधून ठेवणारे रबर सैल असतील तर दोऱ्या आधीच सुटतात आणि गुंततात. नवख्याला एक घडी करायला तासभर लागतो, आणि लागू द्यावा.

आता उतरणं, जिथे आपल्या भागाच्या माणसाने विशेष कान द्यावा. शिकाऊची छत्री मोठी असते, 230 ते 290 चौरस फुटांची, कारण वजनाच्या मानाने कापड जास्त तितका वेग कमी. तरीही ती ताशी 30-40 किलोमीटरने पुढे जाते. 1000 फुटांवर वाऱ्याबरोबर, 600 वर आडवं आणि 300 वर वाऱ्याच्या तोंडी, असा चौकोनी मार्ग ठरवून यायचं. मग जमिनीपासून 10-12 फुटांवर दोन्ही टॉगल एकसारखे खाली ओढायचे, त्याला फ्लेअर म्हणतात. उंचावर घाईने फ्लेअर झाला तर टॉगल आहेत तिथेच धरून ठेवायचे. सोडले की छत्री पुढे झेपावून जमिनीवर आदळते. पाय-गुडघे जुळवून कुशीवर लोळत पडायचं, उभं उतरण्याची हौस पहिल्या उड्यांत नको. घोटे मोडतात ते याच हौसेपायी.

सगळ्यांत घातक म्हणजे जमिनीजवळ मारलेली जोराची वळणं. समोर तार किंवा विहीर दिसली की हात आपोआप एक टॉगल खसकन ओढतो, छत्री सूर मारते आणि सावरायला उंची उरत नाही. म्हणून आधीच शिकून ठेवावं: दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणायचे आणि मग वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूचा किंचित वर सोडायचा. छत्री सपाट राहून वळते. वारा पाठीशी घेऊन उतरावं लागलं तरी चालेल, पण पंख सपाट हवा.

हे मराठवाड्याला इतकं का लागू? इथे कोणी प्रात्यक्षिक किंवा शिबिर भरवायचं म्हटलं तर मैदानाबाहेर काय असतं ते बघा. कठडा नसलेल्या विहिरी. प्लास्टिक अस्तराची शेततळी, ज्यांच्या निसरड्या काठावरून पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, मग ओल्या छत्रीसकट कसं येणार? तुरीची धसकटं आणि पऱ्हाट्या. उभा ऊस, ज्याचा शेंडा वरून जमीनच वाटतो. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगा, ज्यांत घोटा सहज अडकतो. आणि वीजतारा, ज्या आकाशातून दिसतच नाहीत, फक्त खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की मधे तार आहे असंच धरायचं. छत्री तारेत अडकलीच तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत गावकऱ्यांनी तिला हात लावू नये. धावत आलेल्या माणसाचाच जीव त्यात जाऊ शकतो. हवेचंही आपलं गणित आहे. मार्च ते मे दुपारी रान तापलं की वावटळी उठतात. वावटळ छत्री मिटवू शकते, म्हणून त्या महिन्यांत उड्या सकाळी लवकर. शिकाऊंसाठी वाऱ्याची अमेरिकी मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर आहे.

मुलींच्या घरून हमखास पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचं उदाहरण निघतं, आणि निघावंच. पण 2018 मध्ये थायलंडात त्यांनी नऊवारीत उडी मारली ती शेकडो उड्यांच्या अनुभवानंतर. नवख्याने छातीवरच्या मुठी झाकतील असं काहीही घालू नये, ओढणी तर नाहीच. बंद पायांचे, नाडीचे बूट हवेत. सर्दी असताना कान-सायनस दुखावतात, तेव्हा थांबावं. खांदा निखळण्याची खोड असेल, फिट येत असेल, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ते लपवू नये.

शिकायला आपल्या मुलांना बाहेरच जावं लागतं: हरियाणात नारनौलजवळची बाछोद धावपट्टी, नाहीतर परदेश. वाऱ्यासाठी चार दिवस हातचे राखूनच तिकीट काढावं. पोहोचल्यावर चार गोष्टी मागाव्यात: डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीची प्रत, प्रशिक्षकाचं चालू मुदतीचं रेटिंग म्हणजे शिकवण्याचा परवाना, एखादी पायरी चुकली तर पुन्हा उडीचे पैसे किती हे लेखी, आणि कंटेनरच्या, म्हणजे छत्र्यांच्या पाठपिशवीच्या खिशातलं रिझर्व्हचं कार्ड, ज्यावर शेवटच्या घडीची तारीख आणि रिगरची सही असते. कार्ड मागितल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, तिथून गाडीभाडं वाया गेलं तरी परत फिरावं.

आपले,
पॅराशूट प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक
छत्रपती संभाजीनगर व नांदेड