१३२ केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिनीच्या अर्जातील 'जीआयएल' ही मागणी बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, सांगली

महोदय,
स.न.वि.वि.

इमारतींलगतची सुमारे ४०० मीटर वीजवाहिनी गॅस इन्सुलेटेड लाइनने (जीआयएल) जमिनीखालून न्यावी, असा ठराव मागच्या सभेत झाला. वाहिनी हलायलाच हवी. पण अर्ज याच शब्दांत महापारेषणकडे (राज्याच्या वीज पारेषण कंपनीकडे) गेला तर तो तिथेच अडकेल.

जीआयएल म्हणजे केबल नव्हे. ४०० केव्हीला साधारण अर्धा मीटर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी, तिच्या मधोमध वीज वाहणारी दुसरी नळी, आधाराला इपॉक्सीचे इन्सुलेटर आणि पोकळीत सुमारे ७ बार दाबाने भरलेला विद्युतरोधक वायू: ८० टक्के नायट्रोजन, २० टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड. प्रत्येक फेजला अशी एक नळी. जिनिव्हात २००१ साली पॅलेक्सपो प्रदर्शनगृहाजवळची २२० केव्ही वाहिनी अशी खाली नेली, हे खरंच. पण तिथे बोगदा बांधून नळ्या त्यात बसवल्या आहेत.

आपल्याकडे बोगदा परवडणार नाही, म्हणजे नळ्या पुराव्या लागणार. १२ मीटरचा तुकडा धरला तरी तीन फेज मिळून शंभरेक वेल्डिंगचे जोड जागेवर होतील, आणि तेही धूळबंद तंबूत. आत धातूचा बारीकसा कण राहिला तर विद्युतक्षेत्रात तो उड्या मारू लागतो आणि तिथेच फ्लॅशओव्हर (वायूतून वीज उडी मारणं) होऊ शकतो. मग वायू काढा, नळी कापा, पुन्हा जोडा. शिवाय पूर. अर्धा मीटर व्यासाची नळी मीटरमागे १९६ किलो पाणी बाजूला सारते आणि तिचं स्वतःचं वजन ५०-६० किलोच्या आसपास. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी चढलं तर काँक्रीटच्या नांगराशिवाय ती वर उचलली जाऊ शकते. काळ्या मातीचं फुगणं-आकसणं वेगळंच. बाहेरच्या नळीत उलट दिशेने प्रवाह फिरत असल्यामुळे वर चुंबकीय क्षेत्र फार कमी राहतं, हा तिचा मोठा गुण आहे. पण तिची खरी जागा ४०० केव्हीच्या अवजड वाहिन्या आणि भूमिगत जलविद्युत केंद्रं ही.

आपल्याला मागायला हवी ती एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचं विद्युतरोधक वेष्टन असलेली) केबल. तीन फेजच्या तीन आणि एक राखीव अशा चार केबल, सुमारे दीड मीटर खोल चर, भोवती उष्णता वाहून नेणारी निवडक वाळू, वर काँक्रीटच्या फरश्या आणि इशारा पट्टी. दोन्ही टोकांना टर्मिनेशन (केबल उघड्या तारांना जोडणारं टोक) आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून संरक्षण). शीथ, म्हणजे केबलचं धातूचं आवरण, दोन्ही टोकांना जमिनीशी जोडली (अर्थिंग) तर तिच्यातून प्रवाह फिरून केबल तापते, क्षमता घटते. एवढ्या लांबीला एका टोकाला अर्थिंग आणि दुसऱ्या टोकाला शीथवरचा दाब मर्यादेत ठेवणारा शीथ व्होल्टेज लिमिटर पुरतो. मात्र केबलच्या अगदी वर चुंबकीय क्षेत्र जास्त असतं (बाजूला ते झपाट्याने घटतं), म्हणून चर मुलांच्या मैदानाखालून न नेता कुंपणाकडेने न्यावा. त्यावर झाड, बोअर, शेड काहीही चालणार नाही, हे सभासदांना आधीच सांगा.

अर्जाआधी अंतराची मोजणी हवी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे १३२ केव्हीला इमारतीपासून उभं अंतर किमान ४.६ मीटर आणि आडवं २.९ मीटर लागतं. उभं अंतर तारेच्या कमाल झोळाला आणि आडवं वाऱ्याने तार कमाल झुलेल तेव्हाचं धरतात, त्यामुळे सकाळी गच्चीवरून दिसणाऱ्या अंतरावर विसंबू नये. टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या मोजणी यंत्राने) दुरून मोजून घ्यावं. पाइप, बांबू किंवा टेप घेऊन कुणालाही गच्चीवर चढू देऊ नये. गच्चीवरच्या नव्या सोलर पॅनेलचं कामही मोजणी होईपर्यंत थांबवावं. अंतर कमी भरलं तर मनोरे उंच करण्याचा पर्यायही अर्जात लिहावा. तो केबलपेक्षा स्वस्त पडतो, आणि अशी कामं बहुधा अर्जदाराच्याच खर्चाने होतात.

पुढच्या सभेत ठराव दुरुस्त करावा. अर्जाचा तांत्रिक मसुदा आम्ही लिहून देऊ.

आपले,
बी इमारतीतील सभासद