“आधी काहीही जोडू नका” असं सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला लागले की तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरच्या संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरलं तर पहिल्या तासाभरात तुमच्यासारखं माणूस प्रत्येकाला भेटेलच असं नाही. तुम्ही काय केलंत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करू दिलं नाहीत, हे अशा लोकांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

वहिनीनं तुम्हाला फोन लावला तेव्हा आमची तुमची साधी तोंडओळखही नव्हती. पडद्यावर बराच वेळ विंडोज अपडेटची खिडकी दिसत होती. ती गेली तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल येऊन बसली होती. दादा कपाटातून बाहेरची हार्ड डिस्क काढून आणत होता. तिच्यात जुन्या फोटोंच्या प्रती होत्या आणि त्या शाबूत आहेत ना, एवढंच त्याला बघायचं होतं. तुम्ही सगळं ऐकून न घेताच म्हणालात, “आधी काहीही जोडू नका.” मग वाय-फाय बंद करायला लावलंत, पेन ड्राइव्ह काढायला लावलात आणि विचारलंत, “डिस्कचा दिवा लुकलुकतोय का अजून?” लुकलुकत होता. “मग बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा.”

असं का, ते तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. हे रॅन्समवेअर संगणकात स्वतःसाठी एक काम नेमून ठेवतं. थोड्या थोड्या वेळानं ते पुन्हा चालू होतं आणि नवीन काही सापडलं की तेही कुलूपबंद करतं. दादानं ती डिस्क जोडली असती तर आमच्याकडची एकमेव चांगली प्रतही गेली असती. ताई, त्या एका वाक्यानं आमचे कितीतरी वर्षांचे फोटो वाचले.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. संगणक आम्ही घरातले सगळेच वापरतो. काय डाउनलोड केलं, कोणती फाइल उघडली, हे तुम्ही बारकाईनं विचारलंत, पण ‘कुणी’ हा प्रश्न एकदाही विचारला नाहीत. त्यामुळे खरी उत्तरं मिळाली. एका सॉफ्टवेअरच्या क्रॅकबरोबर, म्हणजे ते पैसे न देता चालवायच्या चोरट्या प्रोग्रामबरोबर, हे आत आलं होतं, हे लगेच समोर आलं. आरोप-प्रत्यारोप सुरू झाले असते तर ते कधीच कळलं नसतं.

रीडमी फाइलमध्ये ९८० डॉलर मागितले होते, ७२ तासांत दिले तर ४९०. त्यावरून आणि फाइलींच्या नावांवरून तुम्ही ओळखलंत की हे ‘स्टॉप’ घराण्यातलं आहे. त्यालाच डीजेव्हीयू म्हणतात. तरी अंदाजावर न थांबता आयडी रॅन्समवेअर या साइटवर खंडणीची चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल तपासून खात्री करून घेतलीत, तीही तुमच्या स्वतःच्या मशीनवरून. आमच्या संगणकावर मदतीच्या साइट उघडायच्याच नाहीत असा बंदोबस्त या रॅन्समवेअरनं होस्ट्स फाइल (कोणत्या साइटचा पत्ता कुठला, हे संगणक जिच्यात बघतो ती) बदलून केला होता.

मग आला तो आयडी, म्हणजे चिठ्ठीत आपल्याला दिलेला ओळख क्रमांक. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल तर आशा, नसेल तर अवघड. हल्ल्याच्या वेळी हल्लेखोरांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर हे रॅन्समवेअर आपल्यासोबतच आणलेली एक ठरलेली किल्ली वापरतं; टी१ ही तिचीच खूण. त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना तीच लागू पडते, आणि ती एकदा हाती लागली की एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत डीक्रिप्टरमधून (कुलूप काढणाऱ्या प्रोग्राममधून) सगळ्यांच्या फाइली उघडतात. संपर्क झाला तर मात्र प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी, आणि उघडण्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे. १९८९ मध्ये फ्लॉपीवरून टपालानं पसरलेल्या पहिल्या रॅन्समवेअरमध्ये लावायची आणि काढायची किल्ली एकच होती, म्हणून लोकांना तिची उकल करता आली. आजच्या पद्धतीत ती वाटच ठेवलेली नसते, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्या आयडीच्या शेवटी टी१ नव्हतं. तुम्ही सरळ म्हणालात, “किल्लीनं हे उघडणार नाही. दुसरीकडून काय मिळतं ते बघू.”

तो स्पष्ट नकार मिळाला नसता तर आम्ही काय केलं असतं, याचा विचारही नको वाटतो. कारण तोपर्यंत दादाला “शंभर टक्के फाइली परत” असं सांगणारे दोघंतिघं भेटले होते. तुम्ही झोराबची गोष्ट सांगितलीत. २०२० मध्ये स्टॉपचा डीक्रिप्टर म्हणून एक प्रोग्राम फिरत होता. लोक आशेनं तो चालवत, आणि तो आधीच कुलूपबंद असलेल्या फाइलींवर आणखी एक कुलूप घालत असे. त्यानंतर आमच्या घरात कुणी असं काही शोधायला गेलं नाही.

आता आजीच्या रेकॉर्डिंगबद्दल लिहिते. आजी जाण्याआधी तिच्या लहानपणापासूनच्या आठवणी आम्ही तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या फक्त या संगणकावर होत्या. तुम्ही विचारलंत, “फाइली एमपी३ आहेत की वेव्ह?” वेव्ह म्हटल्यावर तुमचा आवाजच बदलला. स्टॉप हे घाईचं काम करतं. प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबीचा भाग ते बिघडवतं, बाकीचं तसंच राहतं. लहानसं पत्र असेल तर ते अख्खंच जातं. पण वेव्हमध्ये एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे १७६ केबी लागतात. म्हणजे गेला तो एका सेकंदाहूनही कमी आवाज, आणि फाइल काय आहे हे सांगणारी सुरुवातीची नोंद. नोंद गेल्यामुळे प्लेअर ती फाइल उघडत नव्हता, एवढंच.

तुम्ही फाइलींच्या प्रती दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर घ्यायला लावल्यात आणि आवाजाच्या फाइलींवर काम करायचं ऑडॅसिटी उघडायला सांगितलंत. नेहमीसारखी फाइल उघडायची नाही, ‘रॉ डेटा’ म्हणून आत घ्यायची. मग आकडे मीच भरायचे : १६ बिट, स्टीरिओ, ४४,१०० हर्ट्झ. पडद्यावर सुरुवातीला एक काळा ठोकळा दिसला आणि त्याच्यापुढे बोलण्याच्या लाटा. तो ठोकळा म्हणजे खरखर. तेवढा भाग निवडून काढून टाकला, शेवटी एक बारीकसा टक्क आवाज होता तोही काढला, आणि नव्या नावानं फाइल जतन केली. प्रत्येक रेकॉर्डिंग शाबूत निघालं. पहिल्यात आजीच्या वाक्यातला फक्त “अगं” गेलाय. आई शेजारी बसून ऐकत होती, आणि तुम्ही फोन चालू ठेवून थांबलात. घाई केली नाहीत. याबद्दल तुमचे आभार कसे मानू, ते मला अजूनही नीट सुचत नाही.

फोटोंचं काम जास्त किचकट निघालं. मशीनवरच्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या फाइलींच्या जुन्या प्रती, त्या रॅन्समवेअरनं आधीच पुसल्या होत्या. दादाच्या डिस्कवर जुने फोटो होते, पण अलीकडचे नव्हते. तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याची मेमरी कार्डं शोधायला लावलीत. ती फॉरमॅट केलेली होती, तरी तुम्ही म्हणालात की कॅमेऱ्यात फॉरमॅट केल्यावर सहसा फोटो पुसले जात नाहीत, जागा मोकळी असल्याची नोंद तेवढी होते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं. कार्डाच्या कडेची छोटी खटकी ‘लॉक’कडे सरकवायची, पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवायचं, आणि सापडलेलं कधीही त्याच कार्डावर उतरवायचं नाही. बरेचसे फोटो आले. नावं गेली होती, सगळ्यांना एफ आणि पुढे आकडे अशी नावं पडली, पण फोटोच्या पोटात तारीख असते, तिच्यावरून लावून घेतले.

हाच प्रयोग एसएसडीवर (नव्या संगणकांतल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) पुसल्या गेलेल्या फाइलींसाठी करायला गेलं तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. हे ज्यांना लागू आहे त्यांनी खोट्या आशेवर राहू नये, म्हणून मुद्दाम लिहिते.

गेलं ते गेलंच : आईची पत्रं, हिशेबाच्या शीट, माझे अर्धवट लेख. काही पत्रं ई-मेलच्या ‘सेंट’मध्ये सापडली.

फाइलींच्या गडबडीत आम्ही पासवर्ड विसरलोच असतो. या रॅन्समवेअरबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो, हे तुम्ही सांगितलंत. बँक आणि ई-मेलचे पासवर्ड त्याच संध्याकाळी, दुसऱ्या फोनवरून बदलायला लावलेत आणि सगळीकडून लॉग-आउटही करायला लावलंत. ते झाल्याशिवाय पुढचं काही सांगायला तुम्ही तयार नव्हतात.

आता संगणक पुसून नव्यानं बसवलाय. रोजच्या वापराला साधं खातं, अ‍ॅडमिनचं वेगळं. फाइलचं एक्सटेन्शन दिसेल अशी सेटिंग केली, त्यामुळे पीडीएफच्या वेशातली एक्झी फाइल, म्हणजे प्रोग्राम, ओळखू येते. विंडोजमधलं, अनोळखी प्रोग्रामला आपल्या फाइली बदलू न देणारं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू केलं; पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या स्कॅनरचा प्रोग्राम अडवला आणि त्याला परवानगी द्यावी लागली, पण म्हणजे ते काम करतंय. अपडेट पुढे ढकलणं बंद केलं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं तेव्हा त्यावरचं अपडेट मार्चपासून उपलब्ध होतं, हे ऐकल्यावर वेगळं काही पटवून द्यावं लागलं नाही.

बॅकअपच्या दोन डिस्क आळीपाळीनं जोडतो आणि प्रत झाली की लगेच काढतो, कारण जोडून ठेवलेली डिस्क हल्ल्याच्या वेळी संगणकाचाच भाग असते. तिसरी प्रत क्लाउडवर, जुन्या आवृत्त्या परत मिळतील अशी. दर महिन्याला कोणती तरी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघायची, हा तुमचा आग्रह मला सगळ्यात जास्त पटला. आईनं ते काम स्वतःकडे घेतलंय. ती दर वेळी वेगळी फाइल निवडते.

न उघडलेल्या फाइली, रीडमीची चिठ्ठी आणि आयडी तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका जुन्या डिस्कवर वेगळे ठेवलेत. २०१४ मध्ये क्रिप्टोलॉकर या रॅन्समवेअरच्या किल्ल्या पोलिसांच्या कारवाईनंतर हाती आल्या आणि लोकांना मोफत मिळाल्या, तसं पुढे कधी झालं तर उपयोगी पडतील. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली, मोफत डीक्रिप्टर देणारी नो मोअर रॅन्सम ही साइट मी अधूनमधून बघत असते.

एक विनंती आहे. पहिल्या तासात काय करायचं याबद्दल तुम्ही जे सांगितलं होतं ते मी एका पानावर उतरवून काढलंय. वहिनीच्या ऑफिसातल्या दोघींनी ते मागितलंय. सोबत जोडते आहे. कुठे चुकलं असेल तर तेवढं दुरुस्त करून पाठवा; तुमची नजर फिरल्याशिवाय मी ते कुणाला देणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
वहिनीची नणंद