धंदा सुरू करण्यापूर्वी कोणाला काय विचारावे

सातारा,
4 फेब्रुवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्यात घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय सुरू करण्याचा तुमचा विचार पक्का झालेला दिसतो. मात्र ‘या धंद्यातील एकही माणूस माझ्या ओळखीचा नाही’ ही तुझी तक्रार मला पटली नाही. मसाल्याचा कारखानदार तुझ्या ओळखीत नसेल. पण मसाला विकणारी, कुटून देणारी, वाहून नेणारी आणि त्याच्या पिशव्या पुरवणारी कितीतरी माणसे तुला चेहऱ्याने ओळखतात, आणि तुला हवी ती माहिती त्यांच्याकडेच आहे.

नातेवाईक आणि जिवलग मित्र यांना मात्र या कामी दूर ठेव. वहिनींच्या हातच्या मसाल्याची स्तुती करण्यापलीकडे ते फारसे काही सांगणार नाहीत. (त्यांत मीही आलो.) अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली असे दाखवून दिले की, नोकरीची बातमी माणसाला निकटच्या मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक वेळा कळते, कारण निकटच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही आधीच ठाऊक असते. धंद्याच्या माहितीचेही तसेच आहे, असे मला वाटते.

पहिला माणूस म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. संध्याकाळच्या गर्दीत न जाता तो निवांत असेल अशा वेळी जा, आणि ‘माझा मसाला चालेल का?’ असे चुकूनही विचारू नकोस. या प्रश्नाला तो भिडेपोटी ‘चालेल की’ म्हणेल आणि त्या उत्तराचा तुला काडीचाही उपयोग होणार नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचार: गेल्या वर्षी कोणाचा माल पडून राहिला, मुदत संपलेली पाकिटे कोण परत घेतो आणि कोण टाळाटाळ करतो, नव्या माणसाचा माल तो रोखीने घेतो की विकल्यावर पैसे देतो, लोक मोठे पाकीट नेतात की लडीला लावलेली दहा रुपयांची पुडी तोडून नेतात. उधारी किती दिवस थकते याचे खरे उत्तर मिळाले, तर भांडवल किती लागेल याचा तुझा अर्धा हिशेब तेथेच सुटेल. मात्र त्याचे सगळेच प्रमाण मानू नकोस. ‘गिऱ्हाईक फक्त भाव बघते’ असे तो म्हणाला, तर त्याच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक तसे आहे एवढाच त्याचा अर्थ घे आणि दुसऱ्या पेठेतील दुकानदारालाही तेच विचार.

दुसरा माणूस मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मिरची कांडप चालवणारा. मार्चपासून त्याच्याकडे वर्षाचा मसाला करून घेणाऱ्या बायकांची रांग लागते आणि मग त्याला मान वर करायला सवड नसते, म्हणून त्याला या महिन्यातच गाठ. ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटपणासाठी, हे वहिनी जाणतातच. पण देठ काढल्यावर आणि ऊन दिल्यावर वजनात किती घट येते, यंत्रात मसाला तापला की वास कसा उडतो, खोबरे आणि तळलेला कांदा असलेला मसाला साध्या तिखटापेक्षा लवकर खवट का होतो, हे त्याने शेकडो घरांच्या मालावर पाहिलेले असते. शक्य झाल्यास एखादा दिवस तेथेच बसून राहा. नव्या मिरचीची आवकही सध्या सुरू आहे, तेव्हा मार्केट यार्डात भुसार विभागातून माल आणणाऱ्या एखाद्या टेम्पोवाल्याबरोबर पहाटे एक फेरी मारलीस, तर भाव कसे ठरतात आणि ओलसर मिरची हमाल हाताने कशी ओळखतात, हे कोणी न शिकवता दिसेल.

पॅकिंगचे साहित्य विकणाऱ्याला छापील पाऊचबद्दल विचार. छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि माल मोठ्या प्रमाणावर घ्यावा लागतो, त्यामुळे आरंभी साधा पाऊच आणि त्यावर लेबल हेच परवडते, असे तो बहुधा स्वतःच सांगेल.

कागदपत्रांसाठी कर सल्लागार पुरेसा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक आणि वेष्टनावर वजन, किंमत, माल तयार केल्याचा महिना व पत्ता छापणे हे बंधनकारक आहे. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. तिची सद्यस्थिती कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीला, म्हणजे या योजनेच्या अर्जदारांना मदत करणाऱ्या माणसाला, विचार.

राहिला प्रश्न याच धंद्यातील माणसाचा. पुण्यातील मसालेवाला तुला मनातले सांगणार नाही, आणि त्याने का सांगावे? पण तुझी मेहुणी नाशिकला राहते. तिच्या परिचयातील एखाद्या बचत गटाच्या ताई मसाला करत असतील, तर तू त्यांचा स्पर्धक नाहीस. त्यांना आपला हेतू पहिल्याच वाक्यात सांग, पाककृती आणि गिऱ्हाइकांची नावे विचारू नकोस, आणि परतताना त्यांचा माल विकत घे. लपूनछपून काढलेली माहिती एकदाच मिळते, पण सरळ विचारणाऱ्याला लोक पुढेही आपणहून फोन करतात.

ऐकलेले त्याच रात्री वहीत उतरव, आणि माणसाने स्वतः केलेले एका बाजूला व त्याचे नुसते मत दुसऱ्या बाजूला लिही. चार-पाच जणांची उत्तरे एकमेकांशी जुळू लागली, की मगच यंत्राचे दरपत्रक मागव. त्याआधी विक्रेत्याला पत्ता देऊ नकोस, तो रोज फोन करील.

येथे आमच्या गल्लीतील कांडपवाला माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. शनिवारी येणार असशील तर कळव, म्हणजे त्याला सांगून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत