लिफ्टमधला क्यूआर कोड आणि टीव्हीचं साइन-इन : समितीला विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय : संस्थेच्या आवारात लावले जाणारे क्यूआर कोड, क्लबहाउसमधला टीव्ही आणि ज्येष्ठ सभासदांना टीव्हीवर साइन-इन करण्यासाठी मदत

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी दूध घेऊन वर येताना बी विंगच्या लिफ्टमध्ये आरशाखाली एक रंगीत कागद चिकटवलेला दिसला. ‘सगळे ओटीटी एकाच प्लॅनमध्ये, वर्षभर फक्त ४९९ रुपये. स्कॅन करा आणि लगेच बघा.’ खाली हाताच्या पंजाएवढा क्यूआर कोड, त्याच्या मधोमध एका नावाजलेल्या कंपनीचा लोगो. संस्थेचा शिक्का नाही, कुणाचं नाव नाही, फोन नंबरही नाही. मी तो कागद काढून वॉचमन काकांकडे दिला आहे. ते म्हणाले, ए विंगमध्ये हाच कागद शुक्रवारपासून होता आणि दोघातिघांनी त्याचा फोटोही काढून नेला.

समितीला न विचारता कागद काढला, याबद्दल क्षमा असावी. पण तो तिथे ठेवून वर जायला माझं मन धजलं नाही. त्याचं कारण आमच्या घरात घडलेलं आहे आणि ते सांगायला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः परवानगी दिली आहे. ‘लिही, माझं नाव झालं तरी चालेल,’ असं ते म्हणाले.

गेल्या दिवाळीत आम्ही नवीन टीव्ही घेतला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर, मुलं क्लासला, घरी अण्णा एकटे. त्यांना जुनी नाटकं बघायची होती. ॲप उघडल्यावर पडद्यावर एक क्यूआर कोड आला आणि शेजारी काही अक्षरं-आकड्यांचा छोटा कोड. फोन धरताना अण्णांचा हात थरथरतो, त्यामुळे स्कॅन होईना. मग त्यांनी लाइट बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने तो कोड उतरवून घेतला आणि फोनवर ‘टीव्ही कोड कुठे टाकायचा’ असं शोधलं. सगळ्यात वर जी लिंक आली, तिचं पान अगदी खऱ्यासारखं होतं. कोड टाकल्यावर लाल अक्षरांत ‘एरर’ आलं आणि खाली मदतीसाठी म्हणून एक मोबाइल नंबर.

पलीकडचा माणूस फार आदराने बोलला म्हणे. ‘सर, तुमचा टीव्ही ॲक्टिव्हेट झालेला नाही, दहा रुपये चार्ज आहे, मी करून देतो.’ त्याने एक ॲप टाकायला लावलं. त्या ॲपमुळे अण्णांच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. अण्णांनी दहा रुपये भरायला डेबिट कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी आला, तोही टाकला. पहिल्यांदा एकोणीस हजार गेले. ‘चुकून कटले सर, परत पाठवतो, आणखी एक ओटीपी येईल,’ असं म्हणून दुसऱ्यांदा अठ्ठावीस हजार.

अण्णांनी तो नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवला होता. पुढे काही अडलं तर असू द्यावा, म्हणून. त्या महिन्याच्या पानावर एकादशीच्या चौकटीत तो नंबर आणि त्यापुढे त्यांच्या सुंदर अक्षरात ‘टीव्हीवाले साहेब’. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

पैशांपेक्षा वाईट होते ते पुढचे तीन तास. अण्णा कुणाला काही बोललेच नाहीत. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा टीव्ही बंद आणि ते अंधारात बसलेले. मग आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला कळवलं, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पहिले एकोणीस हजार तोवर खात्यातून खात्यात फिरून निघून गेले होते. अठ्ठावीस हजार मात्र मध्येच एका खात्यात गोठवले गेले आणि सगळे सोपस्कार करून काही महिन्यांनी परत आले. तीन तास आधी फोन केला असता तर कदाचित सगळेच वाचले असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकात ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल स्पष्ट सांगितलं होतं: ओटीपी आपण स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. एकेक मिनिट एवढं मोलाचं असतं. आणि आपल्याकडचे ज्येष्ठ लाजेपोटी नेमका तोच वेळ गप्प बसून घालवतात. ‘मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल’ या विचाराने. अण्णा चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. त्यांना मूर्ख म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. जे समजलं ते इथे लिहिते, कारण उद्या कुणाच्याही घरी हाच पडदा उघडणार आहे.

टीव्हीवर क्यूआर कोडने साइन-इन करणं ही पद्धत मुळात चांगली आहे, हे आधी सांगते. रिमोटने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकायचा, तोही पाहुण्यांसमोर, त्यापेक्षा ही कितीतरी सुरक्षित. होतं असं : टीव्ही त्या ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे मुख्य संगणकाकडे, कोड मागतो आणि पडद्यावर दाखवतो. आपण फोनने तो स्कॅन करतो. फोनवर आपण आधीच आपल्या खात्यात असतो, तिथे ‘हो, हा टीव्ही माझा’ म्हणून मंजुरी देतो. टीव्ही इकडे दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत असतो, मिळाली का मंजुरी? मिळाली की त्याला किल्ली मिळते आणि सिनेमा सुरू होतो. पासवर्ड टीव्हीवर टाकायचाच नाही. कोडही थोड्याच मिनिटांचा असतो, वेळ गेली की नवा घ्यायचा. या सगळ्यात पैसे कुठेच येत नाहीत. सेवेचं सदस्यत्व विकत असेल तर त्याचे पैसे वेगळे, पण टीव्ही खात्याला जोडण्याचं शुल्क नसतं. यूट्यूबचं उदाहरण घ्या. त्याचा कोड यूट्यूब डॉट कॉम या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘ॲक्टिव्हेट’ असं टाकून उघडणाऱ्या पानावर फुकट टाकता येतो. ‘ॲक्टिव्हेशन चार्ज’ हे दोन शब्द ऐकले की फोन ठेवावा. दहा रुपये सांगो की एक रुपया.

यातली कच्ची जागा एकच आहे. मंजुरी देणारा फोन आणि मंजुरी मागणारा टीव्ही एकाच खोलीत आहेत का, हे सर्व्हरला कळत नाही. म्हणजे एखाद्याने आपल्या टीव्हीवरच्या कोडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर तुम्हाला पाठवला आणि ‘हे स्कॅन करा, एक महिना फ्री मिळेल’ असं सांगितलं, तर तुमच्या मंजुरीने तुमचं खातं त्याच्या टीव्हीवर उघडतं. व्हॉट्सॲपचं स्वतःचं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ही असंच चालतं, आणि तिथे तर सिनेमे नाही, तुमचे सगळे निरोप दुसऱ्याच्या संगणकावर दिसू लागतात. म्हणून आमच्या घरात आता एकच नियम आहे : कोड आपल्याच टीव्हीवर हवा, ॲप आपणच नुकतं उघडलेलं हवं, आणि टीव्ही डोळ्यांसमोर हवा. कागदावरचा, फोटोतला, कुणी फॉरवर्ड केलेला साइन-इनचा कोड स्कॅन करायचा नाही.

लिफ्टमधल्या कागदाकडे पुन्हा येते. साइन-इनचा खरा कोड मिनिटांत बाद होतो, मग कागदावर छापलेल्या कोडने टीव्ही कसा चालू होणार? एवढ्यावरूनच त्या जाहिरातीवर शंका यायला हवी. मी कॅमेरा नुसता त्यावर धरला, लिंक उघडली नाही. बहुतेक फोनमध्ये उघडण्याआधी पत्ता दिसतो. पत्त्याची सुरुवात त्या नावाजलेल्या कंपनीच्या नावाने होती, पण पुढे टिंब, मग काहीतरी ‘ऑफर’, मग भलताच शेवट. वेबपत्त्याचा मालक सुरुवातीला लिहिलेला नसतो. दुहेरी तिरक्या रेघा सोडल्या तर पहिल्या एकेरी रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं, ते मालकाचं. त्याच्या डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो.

आणि त्या लोगोवरून कुणीही फसू नये. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. कारखान्यात कागद मळणार, फाटणार, म्हणून त्यात अशी सोय केली की कोडचा सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता यावा. आजचे लोक त्याच सोयीचा फायदा घेऊन कोडच्या मधोमध लोगो बसवतात. कोणताही लोगो, कुणीही.

स्वस्त ओटीटीच्या जाहिराती का चालतात तेही मला समजतं. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरच्यांशी पासवर्ड वाटून घेणं बंद केलं, तेव्हा अनेक घरांत खर्च वाढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. आमच्या शेजारच्या काकू अजूनही जुन्या नावाने ॲप शोधतात. नावं बदलली, दर बदलले की गोंधळ होतो, आणि त्या गोंधळात असे कागद चिकटवणाऱ्यांचं फावतं.

आता समितीकडे मागणं.

लिफ्ट, नोटीस बोर्ड, गेट आणि लेटरबॉक्सची भिंत इथे संस्थेचा शिक्का व सचिवांची सही नसलेला कोणताही क्यूआर कोड लावू देऊ नये. वॉचमन काकांना तशी लेखी सूचना द्यावी, म्हणजे कागद काढताना त्यांच्याशी कुणी हुज्जत घालणार नाही. मेंटेनन्स भरायचा कोड सध्या ऑफिसच्या दारावर बाहेरून चिकटवलेला आहे. त्यावर दुसरा स्टिकर लावायला कुणाला दोन सेकंद पुरतील. तो काचेच्या आत लावावा आणि स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणतं नाव दिसायला हवं, ते खाली मोठ्या अक्षरात लिहावं. पिन टाकण्याआधी सभासद ते ताडून बघतील. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे वाक्यही तिथेच असावं.

क्लबहाउसमधल्या टीव्हीबद्दल जरा कळकळीने लिहिते. मॅचच्या रात्री आपल्यातल्याच कुणीतरी चांगल्या मनाने स्वतःच्या फोनने त्यावर साइन-इन केलं, पण मॅच संपल्यावर बाहेर पडायचं राहून गेलं. तीन आठवड्यांनी माझी मुलगी तिथे कॅरम खेळायला गेली, तर मुलं त्या गृहस्थांच्या खात्यात काहीही लावून बघत होती. ते काय बघतात, कुठवर बघितलं, सगळं पडद्यावर. काही सेवांवर तर खात्याला जोडलेल्या कार्डावर टीव्हीवरूनच सिनेमा भाड्याने घेता येतो. त्यांना मी सांगितल्यावर त्यांनी घरी बसल्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइसच्या यादीतून तो टीव्ही काढला. दोन मिनिटांचं काम. क्लबहाउसच्या टीव्हीखाली ‘जाताना साइन-आउट करा’ अशी पाटी लावावी आणि किल्ली परत घेताना वॉचमन काकांनी तेवढं विचारावं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या दोन्ही विंगमध्ये मिळून निदान वीस घरं अशी आहेत जिथे आजी-आजोबा दिवसभर एकटे असतात. टीव्ही बंद पडला, कोड मागायला लागला, की त्यांनी विचारायचं कुणाला? माणूस नसला की ते शोधून सापडलेल्या पहिल्या नंबरला फोन करणार. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा क्लबहाउस उघडं ठेवावं. कॉलेजमध्ये जाणाऱ्या चार मुलांनी यायचं कबूल केलं आहे, माझा मोठा त्यात आहे. कुणाचा टीव्ही अडला असेल तर मुलं घरी जाऊन जोडून देतील, फोनमध्ये नको ते ॲप पडलेलं असेल तर दाखवून काढायला लावतील. अट एकच घातली आहे, की पासवर्ड आणि पिन ज्याचा त्यानेच टाकायचा, मुलांनी तोंड फिरवून उभं राहायचं. या तासाला यायचं अण्णांनीही ठरवलं आहे. कोड कुठे टाकायचा हे ते स्वतः दाखवणार आहेत. पेन्सिलीने लिहिलेलं ते लाइट बिल त्यांनी जपून ठेवलं आहे.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. लिफ्टमधला कागद वॉचमन काकांच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावरचा कोड कुणी सहज म्हणून स्कॅन करू नये, यासाठी मी तो पेनाने पूर्ण खोडला आहे. पत्ता मात्र वहीत उतरवून ठेवला आहे, पोलिसांना द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद
(सही व सदनिका क्रमांक मूळ प्रतीवर)