गणवेश खुंटीला टांगल्यावर

प्रिय वंदना,

तुझं पत्र परवा मिळालं. लंडनच्या व्हाइटहॉलमधलं, दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांचं स्मारक तुला भारी आवडलेलं दिसतंय. काशाच्या त्या चौथऱ्याभोवती खुंट्यांना टांगलेले १७ पोशाख, त्यात सैन्यातले गणवेश, नर्सचा झगा, वेल्डिंगचा मुखवटासुद्धा. पण चेहरा एकही नाही. तुला त्यात नम्रपणा दिसला. मला फोटो बघूनच राग आला. काम झालं, कपडे खुंटीला, बाई घरी!

रागाचं कारण सांगते. सध्या मी अमेरिकेतल्या 'वास्प' वैमानिकांबद्दल वाचतेय, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी विमानं चालवणाऱ्या बायकांच्या तुकडीबद्दल. टेक्सासमधल्या स्वीटवॉटरला त्यांचं प्रशिक्षण व्हायचं. बायकांच्या मापाचे कपडे नव्हतेच, म्हणून पुरुषांचे ढगळ ओव्हरऑल बाह्या दुमडून घालायच्या. मग नवी कोरी लढाऊ विमानं कारखान्यातून तळावर पोचवायची. काहीजणींकडे त्याहून अवघड काम: विमानामागे लांब दोरीला बांधलेलं कापडी लक्ष्य ओढत न्यायचं आणि खालून शिकाऊ तोफची त्यावर खरा दारूगोळा झाडणार. नेम चुकला तर? १०७४ जणींनी हे प्रशिक्षण पुरं केलं. युद्ध संपेपर्यंत ठेवलंही नाही त्यांना, डिसेंबर १९४४मध्येच तुकडी मोडली.

सेवेत ३८ जणी गेल्या. पण कागदोपत्री सगळ्या नागरी कर्मचारी! त्यामुळे शवपेटीवर झेंडा नाही, लष्करी मानवंदना नाही, मृतदेह घरी पाठवायचा खर्चही नाही. बरोबरच्या मुलींनी वर्गणी काढून मैत्रिणीला घरी पोचवलंय, वंदना.

सत्तरच्या दशकात हवाई दलाने बायकांना 'पहिल्यांदाच' विमानं चालवायला देतोय असा गाजावाजा केला, तेव्हा या म्हाताऱ्या खवळल्या. भांडल्या आणि १९७७ला कायद्याने माजी सैनिकांचा दर्जा मिळवला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या लष्करी टेलिफोन ऑपरेटरांनाही मान्यता त्याच वर्षी मिळाली. तोवर त्यांतल्या उरल्या होत्या किती!

एवढ्यावर तरी संपावं ना? इलेन हार्मन ही वास्पमधलीच एक, २०१५ला वारली. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळावी, असं ती स्वतःच्या हाताने लिहून गेली होती. लष्कराने नियम दाखवून नकार दिला. घरच्यांनी अस्थी कपाटात ठेवल्या आणि सह्या गोळा करत, खासदारांची दारं ठोठावत फिरले. मे २०१६मध्ये नवा कायदा झाला, सप्टेंबरमध्ये तिला मानाने पुरलं.

आता तू म्हणशील, ते स्मारक जवळजवळ ७० लाख बायकांचं. चेहरे मावणार कुठे? मान्य. पण रस्त्यातल्या घोड्यावरच्या प्रत्येक सेनापतीच्या मिशा बारकाईने घडवतात, तिथे एका तरी बाईचं नाक-डोळे घडवायला काय हरकत होती? तुझं म्हणणं सविस्तर लिही. सहजासहजी ऐकणार नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझी,
माधवी