मी आलो, मी आले

विद्यापीठ, पुणे
शनिवार, दुपार

प्रिय वऱ्हाडणी,

फोनच करणार होते. पण फोनवर तू सारखी 'हं, मग?' करत राहतेस आणि माझं मुख्य सांगायचं राहून जातं, म्हणून कागद घेतला. अनिकेत कॅन्टीनच्या बाहेर बसून लिहितेय. वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग पडलाय, चालवून घे.

तर हो, घेतला प्रवेश. मराठी विभाग, पीएचडी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. 1998 मध्ये आपण दोघी एमएला इथे आलो, त्याला इतकी वर्षं झाली की आपण गेल्यावर चौकात पूल बांधला आणि 2020 मध्ये तो पाडूनही झाला. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव लागलं. जयकर ग्रंथालयाकडे जाणारा रस्ता मात्र पाय आपोआप वळतील असाच आहे.

विषय घेतलाय संबोधनांचा. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. तू हसशील, पण विषय निवडायच्या आधीच तो माझ्या अंगावर आला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मला काय म्हणायचं ते इथे कुणालाच कळत नाहीये. टोकनवाले म्हणतात, "बोला ताई." मी त्यांना 'काका' म्हणते. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील, पण जीभ अजून एकविसाव्या वर्षातच आहे. पोरं 'मॅडम' म्हणतात, कारण या वयाची बाई म्हणजे शिकवणारीच. एका मुलाने चुकून 'काकू' म्हटलं तर त्याच्या टेबलावरचे सगळे असे गप्प झाले, जशी काही त्याने शिवीच दिली.

आणि 'मावशी' मला कुणी म्हणणार नाही. का ते माहितेय? ती हाक टेबलं पुसणाऱ्या बाईंसाठी ठेवलेली आहे. 'मामा' म्हणजे विभागातले शिपाई. 'काका' म्हणजे गेटवरचा वॉचमन नाहीतर रिक्षावाला. घरातली गोड नाती आपण कशी कामावरून वाटून टाकलीत बघ! आपण त्या वेळी 'मावशी, जरा पाणी' म्हणायचो तेव्हा केवढं आपुलकीचं वाटायचं. त्यांचं नाव काय होतं, आठवतंय तुला? मलाही नाही.

ब्राउन आणि गिलमन या दोघांचा 1960 मधला एक गाजलेला लेख आमच्या विषयात सगळ्यांना वाचावा लागतो. युरोपातल्या भाषांमधल्या 'तू' आणि 'तुम्ही'बद्दल आहे. त्यांचं म्हणणं, या शब्दांमागे दोन गोष्टी असतात, अधिकार आणि जवळीक. आधी अधिकाराचं वजन जास्त होतं, नंतर जवळिकीचं वाढत गेलं. पटतं. पण त्या दोघांना आमच्या कॅन्टीनमध्ये आणून बसवायला हवं होतं. इथे 'तू' आणि 'तुम्ही' यांवर भागत नाही, वर 'आपण' बसलेलं आहे. भाषणात पाहुण्यांना म्हणायचं ते 'आपण' वेगळं. "आपल्याला नाही जमणार बॉस" यातला 'आपण' म्हणजे नुसता मी, तोही कॉलर ताठ केलेला. आणि तिसरं, खरं 'आपण', त्यात समोरचा धरलेला असतो.

या तिसऱ्यापाशी मी अडकलेय. "आम्ही चहाला चाललोय" आणि "आपण चहाला जाऊ". हिंदीवाल्याला दोन्हीकडे 'हम' पुरतं. तुझ्या हैदराबादेत तेलुगूत 'आम्ही'ला 'मेमु' आणि 'आपण'ला 'मनम्' आहे, तुला वेगळं सांगायला नको. हा भेद मराठीत द्रविड भाषांच्या शेजारामुळे आला असं मानतात. कुठूनही येवो, कॅन्टीनचा सगळा कारभार त्यावर चालतो. ग्रुप उठतो आणि एखादी मुलगी टेबलावर उरलेल्या मुलीला म्हणते, "आम्ही जरा जाऊन येतो हं." आवाज गोड, हसणंही गोड, पण दार लागलेलं असतं. उरलेली मुलगी लगेच फोनमध्ये डोकं घालते. रोज बघते मी.

रिकामी खुर्चीही अशीच. "इथे कुणी आहे का?" याला 'नाही' असं सरळ उत्तर कुणी देत नाही. "बसा ना" म्हणजे खरंच बसा. "येतायत दोघं" म्हणजे कुणीही येणार नाहीये, पण तुम्ही नको. पुण्यात हे नव्याने शिकावं लागत नाही म्हणा.

बाकी भाषा पुष्कळ बदललीय. 'चंपक' आणि 'पकवू नकोस' गेले, आता 'विषय हार्ड' असतो आणि 'लोड घ्यायचा नसतो'. पैशांचा प्रश्न मिटलाय, काउंटरवरचा डबाच खणखणीत आवाजात सांगतो, वीस रुपये प्राप्त झाले. उधारीची वही गेली, तिच्याबरोबर "काका, सोमवारी नक्की" हे आपलं आवडतं वाक्यही गेलं. कुणी शुद्धलेखनावरून बोललं की पोरं म्हणतात, "अभिजात बोल, अभिजात." 2024 मध्ये तो दर्जा मिळाला, त्याचा इथला मुख्य उपयोग हा.

आणि मुली मुलींना 'भावा' म्हणतात! 'ब्रो' म्हणतात. "काय भावा, असाइनमेंट दिलं का?" पाहिलं तर समोर लांब वेणीवाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा घशातच राहिला. तुला 27 नंबरच्या खोलीतला तो जुलै आठवतो ना? मी दारात उभी राहून ओरडले होते, "अगं, मी आलो!" आणि सगळ्या जणी गादीवर लोळून हसल्या होत्या. आलो म्हणे! मिशा कुठायत? कोल्हापुरात माझी आजी 'मी जेवलो' म्हणायची, आई 'मी निघालो' म्हणायची, त्यात मिशांचा काय संबंध ते मला कळेना. तुलाही सोडलं नव्हतं त्यांनी. "मी जाऊन राहिली" म्हणालीस की कुणीतरी विचारायचं, "कुठे राहिलीस?" पण तू बधली नाहीस. "मले नाही येत तुमचं पुणेरी," म्हणून मोकळी झालीस. मी तीन आठवड्यांत 'आले' झाले. कुणी सक्ती केली नव्हती गं. मीच आरशासमोर घोकलं होतं, हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली ध्वनिमुद्रणं ऐकत बसते हल्ली. कामासाठी म्हणून लावते आणि दोन दोन तास तशीच बसते.

तुला खरं सांगायचं होतं ते मंगळवारचं. स्पर्धा परीक्षेवाली चार पोरं माझ्या शेजारच्या टेबलावर रोज असतात. जळगावचा, सोलापूरचा, परभणीचा, आणि एक शिरूरकडचा. एकमेकांना 'साहेब' म्हणतात. "काय साहेब, आज उशीर?" जो फौजदारकीच्या मागे आहे त्याला 'फौजदार'. परभणीचा मला एकदा म्हणाला होता, "कामून एकट्याच बसता मॅडम?" 'कामून' आणि 'मॅडम' एका वाक्यात, इतकं बरं वाटलं.

मंगळवारी पूर्व परीक्षेची पीडीएफ आली. चौघांची डोकी एका फोनवर. सीट नंबर टाकून शोधायचा, आकडा पिवळा झाला की निघाला. दोघांचे निघाले. परभणीवाल्याने आपला नंबर टाकला, मग परत टाकला, मग एकेक आकडा म्हणत टाकला. मी वहीत बघत होते, म्हणजे वहीकडे डोळे होते.

कुणी "अरेरे" म्हटलं नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. जळगाववाला म्हणाला, "काय भो, चहा सांगू?"

"सांग."

"साखर?"

"राहू दे हाय तशी."

मग दहा मिनिटं ते पावसावर बोलले. कुणाच्या तरी गावच्या पुलावर बोलले. त्या पूर्ण वेळात एकदाही कुणाच्या तोंडून 'साहेब' आलं नाही. ठरवून नाही, आपसूक. शेवटी सोलापूरवाला, ज्याचा नंबर निघाला होता तो, ग्लासच्या तळाकडे बघत म्हणाला, "तुझ्या राज्यघटनेच्या नोट्स दे बे मला. आणि कम्बाइनला बसूच की आपण."

'आपण' म्हणाला तो. त्याला पुढे मुख्य परीक्षा होती, कम्बाइनचं, म्हणजे त्या दुसऱ्या संयुक्त परीक्षेचं, नावही काढायची गरज नव्हती. परभणीवाल्याने मान हलवली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. मी घरी येऊन प्रबंधाच्या वहीत हे सगळं उतरवायला बसले, तारीख घातली, 'सर्वनामाचा समावेशक वापर' असं लिहिलं आणि खोडून टाकलं. त्यांचं ते बोलणं माझ्या तक्त्यात घालायला मला लाज वाटली. मार्गदर्शकांना काय सांगायचं ते बघेन.

आणखी एक. एमएच्या पहिल्या वर्षाला कागलची एक मुलगी आहे. मोठ्ठ्याने 'मी आलो' म्हणते. मुली हसतात तिला, नाही असं नाही, पण ती त्यांच्यापेक्षा जोरात हसते. मी तिला म्हटलं, मीपण कोल्हापूरची. तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुमी? बोलण्यावरनं वाटत न्हाई ओ." तीस वर्षांपूर्वी हे ऐकायला मिळावं म्हणून मी काय नसतं दिलं!

काल त्या सगळ्या जणी माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. ती टोकन आणायला उठली. बोटाने एकेकीला मोजत, "आपले किती झाले? चार, पाच..." आणि ते बोट माझ्यापाशी येऊन, न विचारता, "सहा," म्हणून पुढे गेलं. थोड्या वेळाने काउंटरवरून ओरडली, "या की ओ, ग्लास उचलायला!"

मी उठले. आणि तोंडातून काय गेलं सांगू? "आले, आले!"

तुझं काय? हैदराबादेत कुणाशी 'राहिली' बोलतेस की तिकडेही मराठी मंडळात पुणेरीच चालते? दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला जाणार असलीस तर पुण्यावरून जा. लांबचा वळसा आहे, माहितेय.

तुझी,
कोल्हापूर

ता. क. चहाचे पैसे द्यायला गेले तर कागलवालीने माझा हात मागे सारला. "ऱ्हाऊ द्या. उद्या तुमी द्या."